मागच्या चाकातला होकार

रजतच्या मोटरसायकलभोवती एवढी गर्दी जमली होती की अंगणातली पायरीसुद्धा दिसत नव्हती. सेलूकडची माणसं ऑटो करून आली होती. गाडीला हार, हँडलला लिंबू-मिरची, टाकीवर रजतचा फोटो. शेजारी जयवंता महाराज उभे, एक पाय मागच्या ब्रेकवर, एक हात सीटवर, डोळे अर्धे मिटलेले.

“सरक बाबू, जरासा मांगं सरक. मोकळा हो,” म्हणत महाराजांनी गाडी हळूच मागं घेतली. मग ब्रेक दाबला आणि पुढं रेटा दिला. “रजत, तू आला हायेस?”

टक.

मागच्या चाकातून आवाज आला. बायकांनी पदर तोंडाला लावले. रजतची आई प्रमिलाबाई हात जोडून खाली बसली. देव नवसाला पावायला वर्षं लावतो, आणि हा आत्मा मात्र ब्रेक दाबला की हजर!

दिपाली, रजतची बायको, भिंतीला टेकून बसली होती. शाळेत विज्ञान शिकवायची. रस्त्यावरच्या गिट्टीवर गाडी घसरून रजत गेला त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दगड आहे बाई, असं शेजारची पंचफुला तिच्यासमोरच बोलली, तेही तिच्यापर्यंत पोचलं नाही. भाकरी थापायची, भांडी घासायची, सांगतील तिथं बसायची. दुःख होतंय की नाही, तेही तिला कळत नव्हतं.

या घराची एक रीत होती. तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, गेलेल्या माणसाची आवडती वस्तू फोटोपाशी ठेवायची. म्हणून अपघातात वाकलेलं मागचं चाक मिस्त्रीकडून घाईघाईनं सरळ करून घेऊन गाडी अंगणात आणली. तेरवीच्या दिवशी ती सरकवताना पहिल्यांदा टक झालं, आणि प्रमिलाबाई म्हणाली, “माहा रजत बोलून राह्यला.” बातमी पसरली. महाराज न बोलावता आले.

गेल्या बैठकीत त्यांनी विचारलं होतं, “हिच्या पायगुणानं गेलास काय रे?” टक. आज शेवटचा प्रश्न होता. दिपालीनं या घरात राहावं की नाही. रजत म्हणेल तसं होणार, असं प्रमिलाबाईनं सगळ्यांदेखत कबूल केलं होतं.

दिपालीची मान खालीच होती. वर बघितलं की लोक तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधायचे. त्यामुळे तिला दिसत होते ते महाराजांचे पाय आणि गाडीची चाकं. आणि तिच्या ध्यानात आलं की टक व्हायच्या आधी दर वेळी चाक जरासं मागं जातं. मागं गेलं नाही तर रजत गप्प राहतो.

“बोल रजत, दिपालीनं इथं राहावं?” महाराजांनी या वेळी गाडी मागं घेतली नाही. ब्रेक दाबून नुसता पुढं रेटा दिला.

गाडी गप्प. “नाई म्हणते,” असा गर्दीतून हुंकार उठला.

दिपाली उठली. “महाराज, मले विचारू द्या.”

“बाई, विधवेच्या हातानं...”

“नवरा माहा होता ना?”

महाराज बाजूला झाले. तिनं गाडी मागं घेतली, ब्रेक दाबला, रेटा दिला. “रजत, तू जिवंत आहेस?”

टक.

तिनं ब्रेक तसाच ठेवून पुन्हा रेटा दिला. “मेला आहेस?”

काही नाही.

“पाहा. जिवंत आहे म्हणते,” दिपाली म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “मग जाळलं कोणाले?”

तिनं गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. चाक वरून-खालून धरून हलवलं. डुललं नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. मग चाक घट्ट धरून ब्रेकची गोल तबकडी, ती डिस्क, बोटांनी फिरवली. ती मागं-पुढं हलली. टक, टक.

“डिस्क ढिली आहे. गाडी मागं घेतली की ती ढील एका अंगाला जाते. ब्रेक मारून पुढं रेटलं की बोल्टावर आपटते. पुन्हा रेटलं तर आपटायले जागाच उरत नाई.”

मागं उभा असलेला गोपाल मिस्त्री पुढं आला. “वयनी, चूक माही. तेरवीसाठी नुसती ठेवाची हाय म्हणे, म्हणून बोल्ट हातानंच लावलेते. कसायचे राहून गेले.”

तोवर जयवंता महाराजांच्या चपला फाटकाबाहेर पोचल्या होत्या. अर्थातच महाराज त्यांत होते.

गोपालनं पाना आणला. दिपालीनं हात पुढं केला, तशी प्रमिलाबाईनं तिचं मनगट धरलं.

“नको कसू बाई. तेवढाच तर बोलते तो.”

दिपालीला आत कुठंतरी दुखलं. अपघातापासून पहिल्यांदाच.

“तो नाई बोलत, आई. मलेही वाटलं होतं, बोलावं त्यानं. पण हा ब्रेक आहे. कोणी यावर बसलं अन् डिस्क सुटली, तर आणखी एक माय रडन.”

तिनं एकेक बोल्ट कसला. गाडी मागं घेतली, ब्रेक दाबला, पुढं रेटली. आवाज आला नाही. प्रमिलाबाईनं डोळे मिटून घेतले.

“मले घालवायचं असन तर तुमी सांगा,” दिपाली म्हणाली. “तुमच्या तोंडानं. मी ऐकन. पण गाडीले नका विचारू, अन् कोण्या महाराजालेही नका विचारू. आवाज आला तर आधी कशाचा आहे ते पाहत जा.”

प्रमिलाबाईनं पुन्हा तिचं मनगट धरलं.

“राह्य,” ती म्हणाली. “काऊन जातं? राह्य.”