पेल्यावरचा पुठ्ठा

कॅसल हिलच्या आमच्या स्वयंपाकघरात इथल्या हिवाळ्यातलं जुलैचं तिरपं, निस्तेज ऊन शिरलं, की मला वसुधाच्या बांगडीचा आवाज आठवतो: कोलोनच्या त्या अंधाऱ्या, लाकडी पानगृहात बिअरच्या निमुळत्या पेल्यावर आपटून उमटलेला, तिच्यासारखाच किंचित लाजरा, स्वच्छ नाद.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं आठ दिवस त्या जर्मन शहरात होतो. गगनचुंबी कॅथेड्रलपेक्षा हिला लोकांच्या ताटांत डोकावण्यात अधिक रस! बटाट्याचं कुरकुरीत धिरडं सफरचंदाच्या गोड गरात बुडवून ती म्हणाली, "अहो, याला लसणाची चटणी हवी होती." निळ्या एप्रनमधला वाढपी न विचारता चिमुकला पेला ठेवून जाई, आणि पानात काही टाकायचं नाही या संस्कारात वाढलेली, आयुष्यात पहिल्यांदाच बिअर चाखणारी ही बाई, वाढपी एकदाचा सुटेल बिचारा म्हणून, पेला निमूटपणे संपवी. तो लगेच दुसरा आणी. चौथ्या पेल्याला तिचे कान लालबुंद झाले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजींनी पेल्याखालचा गोल पुठ्ठा उचलून पेल्यावर ठेवला. 'पुरे' म्हणायची ही तिथली रीत. वाढपी मान लववून निघून गेला. "इतकं सोपं होतं होय!" म्हणत वसुधा केवढी हसली! पुठ्ठा तिने पर्समध्ये टाकला.

मग घरीही तेच. मी चहाचा आग्रह केला, की कपावर पुठ्ठा. गेल्या वर्षी तिचा आजार उलटला, तेव्हा आणखी एका उपचारासाठी मी हटून बसलो होतो. रोज डॉक्टरांना फोन, रोज तिच्यापुढे सहीचा नवा कागद. एका सकाळी, अंगणात मॅगपाय पक्षी गात असताना, तिने पर्स मागितली आणि पाण्याच्या भरल्या पेल्यावर तो पुठ्ठा अलगद ठेवला. मी चिडलो, ढसाढसा रडलो, आणि कागद घडी करून ठेवून दिला.

आता ती नाही. मी अजून दोन कप चहा करतो. "बाबा, प्लीज, एकच कर ना," लेक म्हणते. नो वरीज, म्हणतो मी, आणि उद्या पुन्हा दोन करतो. फार एकटं वाटतं, खरं सांगतो. काळ त्या वाढप्यासारखा, न विचारता, भरलेला दिवस समोर आणून ठेवतो. तिचा पुठ्ठा माझ्या खिशातच असतो, पण पानात काही टाकायचं नाही म्हणून तो दिवस मी निमूटपणे संपवतो, आणि तो लगेच दुसरा आणतो.