आमचे हे आणि सहावं होल

आमचे हे एकतीस वर्षं कुकरच्या कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर होते. कारखान्यात त्यांना कुणी नावानं ओळखत नसे, सगळे 'जपून' म्हणत. "जपून येतायत, हातमोजे घाला," ही खबर त्यांच्या आधी शेडभर फिरायची. त्यांच्या अख्ख्या नोकरीत तिथे एकाही माणसाचं बोट गेलं नाही. याचा त्यांना फार अभिमान, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पण हे निवृत्त झाले आणि कारखाना घरी आला. जिन्याच्या प्रत्येक पायरीला पिवळी पट्टी लागली. शेगडीच्या वर 'बंद केली का?' अशी पाटी आली. पाहुणे चपला काढायला वाकले की हे मागून म्हणायचे, "जपून, कोपरा आहे," आणि पाहुणे दचकून नेमके त्याच कोपऱ्यावर आपटायचे. मला सुरी कशी धरायची ते शिकवायला लागले तेव्हा मात्र मी हात जोडले.

"अहो, माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत."

"आजवर," हे म्हणाले.

आमची एकुलती एक लेक गवताचं शास्त्र शिकलेली आहे. ती कॉलेजात होती तेव्हा सगळे नातेवाईक विचारायचे, गवताचं काय शिकायचं, ते तर आपोआप उगवतं. आता ती एका गोल्फ क्लबात मैदानाची प्रमुख आहे. अठरा होलांचं मैदान, हाताखाली नऊ माणसं. नोकरीला दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मी तीनदा जाऊन आले, हे एकदाही गेले नव्हते. "मला बघवणार नाही," एवढंच म्हणायचे. ती शाळेत पोहण्याच्या स्पर्धा करायची तेव्हाही हे तलावाच्या फाटकाबाहेर उभे राहायचे. आतून टाळ्या ऐकू आल्या की मग आत यायचे. लेकीला वाटायचं, बाबांना आपल्यात काही रस नाही. मी किती वेळा समजावलं, पण काही गोष्टी आईनं सांगून पटत नाहीत.

एका सोमवारी ती जेवायला आली ती तोंड पाडूनच. सहाव्या होलपाशी तिच्या माणसाला चेंडू लागला होता. पैलवान म्हणतात त्याला, गवत कापायचं यंत्र चालवतो. खांद्याला लागला म्हणून निभावलं.

"चार बोटं वर लागला असता तर?" ती म्हणाली आणि पोळीचा तुकडा ताटात नुसताच फिरवत बसली. "या वर्षातली ही दुसरी वेळ. तिथे मध्ये उंचवटा आहे. चेंडू मारणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. सेक्रेटरी म्हणतात, माणसांनी लक्ष ठेवावं, चेंडू काय त्यांना शोधत येतो का."

ती हे मला सांगत होती. यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. हे काही बोलले नाहीत, वरणात मीठ कमी असूनसुद्धा बोलले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रात्री लेक आमच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता हे दारात तयार. जाड तळाचे बूट, खिशात वही, हातात उतार मोजायची लेव्हलपट्टी, गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट.

लेक चहाचा कप घेऊन बघतच राहिली. "बाबा, हे घालून तुम्ही क्लबात येणार?"

"तिथे डोक्यावरून चेंडू जातात ना?"

"मी तिथे नोकरी करते, बाबा. लोक हसतील."

"हसू देत की. हसणाऱ्याला इजा होत नाही."

ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "घेऊन जा बाई. आणि मलाही ने, यांना आवरायला कुणीतरी पाहिजे."

क्लबात पोचल्यावर लेकीनं बॅटरीवरची बग्गी काढली. यांनी आधी ब्रेक दाबून पाहिला, मग वाकून चाकं पाहिली, मग बसले. पहिल्याच उतारावर म्हणाले, "थांबव." उतरले, रस्त्यावर लेव्हलपट्टी ठेवली, दवानं भिजलेल्या वळणावर बूट घासून पाहिला. "इथे बग्गी उलटते."

"मागच्या महिन्यात उलटली," लेक म्हणाली.

यांनी वहीत लिहिलं आणि उतार पायीच उतरले. मग सुरूच झालं. तळ्याच्या काठाला दोरी नाही, गवत निसरडं, आत पडलेला चेंडू काढायला माणूस वाकला की गेलाच. आडोशाच्या शेडमध्ये छताला गांधीलमाश्यांचं पोळं, तांब्याएवढं. मोकळ्या माळावर एकच उंच झाड आणि नेमकं त्याच्याच खाली बाक.

"विजेला पत्ता कळवून ठेवलाय यांनी," हे म्हणाले.

येणारेजाणारे खेळाडू हेल्मेटकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होते. लेकीचे कान लाल झाले होते. तेवढ्यात एका हिरवळीपाशी हे थांबले. तिथे पाटी होती: 'आज औषध फवारले आहे. चेंडूला हात लावल्यावर हात धुवा. खुंटी दातात धरू नका.'

"ही कुणी लावली?"

"मी. हे लोक खेळता खेळता चेंडूखाली रोवायची खुंटी तोंडात धरतात."

"चांगलं केलंस," हे म्हणाले आणि पुढे निघाले.

लेक दोन पावलं मागेच राहिली. मग तिनं शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि यांच्यापुढे धरला. तिची स्वतःची यादी होती ती, मैदानावरच्या धोक्यांची. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात केलेली. सेक्रेटरींना दोनदा देऊन दोनदा परत आलेली. यांनी आपली वही उघडून शेजारी धरली. दोघं बाप-लेक भर उन्हात माना खाली घालून ताळा जुळवायला लागले.

"पुलाच्या फळ्या तू घेतल्यास. माझ्या नजरेतून सुटल्या."

"त्यांचे खिळे पावसाळ्यातच सुटतात, बाबा. पण बाकाचं माझ्या लक्षात नव्हतं आलं. रोज त्याच बाकावर बसून डबा खाते मी."

"उद्यापासून बसू नकोस," हे म्हणाले, आणि ती हसली. तिला यांच्या अशा बोलण्यावर हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहत होते.

सहाव्या होलच्या उंचवट्यापलीकडे उतरायच्या आधी यांनी आपलं हेल्मेट काढलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं.

"अहो, माझे केस. कालच धुतलेत."

"एकच आणलंय. घाल."

"मग तुमचं काय?"

"मला सवय आहे," हे म्हणाले. कसली सवय ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही खाली उतरलो. पैलवान खांद्याला पट्टी बांधून तिथे उभा होता, चेंडू कुठून आला ते दाखवत होता. मी हनुवटीखालचा पट्टा लावत होते, नव्हे, पट्ट्याशी भांडत होते, एवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "फोर." मी मान वर केली आणि टण्णकन आवाज झाला. रिकाम्या पातेल्यावर पळी आपटावी तसा. मी गवतावर बसकण मारली. चेंडू टप्पे खात खड्ड्यातल्या वाळूत जाऊन पडला.

यांचा चेहरा पांढराफटक. माझ्यासमोर गुडघ्यावर बसून बोटं नाचवत विचारायला लागले, "किती? ही किती?"

"तीन. आणि नखं कापा," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्यांनी बोटं खाली घेतली. लेक मला मिठी मारून एकाच वेळी हसत आणि रडत होती.

उंचवट्यावरून एक बग्गी भरधाव खाली आली. त्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई होत्या, क्लबच्या सगळ्यात जुन्या सभासद. चेंडू त्यांचाच. उतरल्या त्या थेट माझ्यापाशी आल्या. दातांच्या निवृत्त डॉक्टर असल्यामुळे त्यांनी आधी माझं तोंड उघडायला लावलं.

"अहो, डोक्याला लागलाय," मी म्हटलं.

"हो, पण मला दातांचंच कळतं," त्या म्हणाल्या. "डावीकडची दाढ दाखवून घ्या." मग माझा हात धरून माझ्याशेजारी गवतात बसल्या. "मी ओरडले होते हो. चेंडू भलतीकडे गेला की 'फोर' ओरडायचं, असा नियमच आहे."

"फोर म्हणजे चार," हे म्हणाले. "चार ऐकल्यावर माणूस मोजत बसेल, डोकं थोडंच झाकेल? आणि तुम्ही आधी ओरडणार कशा? पलीकडे माणूस आहे हे तुम्हाला दिसतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी यांच्याकडे नीट पाहिलं. "मग दिसायला काय करायचं?"

हे उंचवट्याकडे बघत राहिले. मग वहीत एक उभी रेघ काढली, तिच्या वरच्या टोकाला एक तिरकी रेघ, खालच्या टोकाला दुसरी. "पाणबुडीत असतो तसला पेरिस्कोप. उंच नळी आणि दोन आरसे. मारण्याआधी डोकावायचं. आणि पलीकडे एक घंटा. खेळून पुढे जाणाऱ्यांनी ती वाजवायची, की मागच्यांना कळावं, रस्ता मोकळा."

सेक्रेटरींच्या खोलीत आम्ही सगळेच गेलो. खोलीत चांदीचे कप मांडलेले आणि पंखा इतका जोरात की वहीची पानं उडत होती. सेक्रेटरींनी चित्र पाहिलं. "मैदानाची शोभा जाईल. लोक इथे निसर्ग बघायला येतात. नळ्या बघायला नाही."

लेक पुढे झाली. मला वाटलं, हेच बोलतील. पण हे मागे भिंतीपाशी उभे राहिले, हात पाठीशी बांधून. तिनं आपला चार घड्यांचा कागद टेबलावर पसरला आणि एकेक कलम वाचलं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "जोवर सहाव्याला हे होत नाही, तोवर खेळ चालू असताना माझी माणसं तिथे गवत कापणार नाहीत."

"मग गवत वाढेल," सेक्रेटरी म्हणाले.

"वाढेल," ती म्हणाली.

"माझे चेंडू आताच हरवतात," डॉक्टरीणबाई खुर्चीतून म्हणाल्या. "गवत वाढलं तर मीच हरवेन. करून टाका हो, मोडली शोभा तर मोडली."

सेक्रेटरींनी पंखा कमी केला, कागद पुन्हा वाचला आणि 'महिनाभर प्रयोग म्हणून' असं लिहून सही केली.

मग आमच्या अंगणात पंधरा दिवस नुसता उत्सव होता. यांनी कारखान्यातल्या जुन्या मित्रांना फोन केले. वेल्डर आला, रंगारी आला, फिटर तर गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता तरी काठी टेकत आला. फिटरच्या भावाचं केशकर्तनालय बंद पडलं होतं, तिथले दोन आरसे आले. एका आरशावर 'उधार बंद' असं रंगवलेलं होतं, ते खरवडायला रंगाऱ्याला अख्खी दुपार लागली. लेक कामावरून सुटली की थेट यायची आणि नळी हिरवी रंगवायची, गवतात मिसळेल अशी. मी चहा किती वेळा केला ते विचारू नका. हे प्रत्येकाला चष्मा घालायला लावत होते आणि कुणी तक्रार करत नव्हतं.

एका संध्याकाळी नळीच्या दोन टोकांना दोघं बसून आरशाचा कोन लावत होते. मी खिडकीतून ऐकलं.

"बाबा, पोहण्याच्या स्पर्धेला तुम्ही आत का नाही यायचात?"

यांनी पान्ह्यानं एक नट आवळला. "तू पाण्यात उडी मारलीस की माझा श्वास अडकायचा. चार लोकांत पडलो असतो तर तुझं पोहणं कोण बघत बसलं असतं?" मग पुढचा नट आवळत, "तुझी सगळी पदकं माझ्या कपाटात आहेत. तारखेप्रमाणे लावलेली."

"मला वाटलं, आईनं कुठेतरी ठेवलीत."

"आईला तारखा कुठे आठवतात," हे म्हणाले. ते खरं आहे, म्हणून मी आणखी एक चहा टाकायला वळले.

पेरिस्कोप उभा राहिला त्या दिवशी निम्मा क्लब जमला होता. पहिला मान सेक्रेटरींचा. त्यांनी खाली वाकून डोळा लावला तो लावलाच. पलीकडे पैलवान यंत्र बंद करून, पाय पसरून केळं खात बसला होता आणि नळीत तो अगदी समोर बसल्यासारखा दिसत होता.

"अरेच्चा," सेक्रेटरी म्हणाले, "सालसुद्धा खिशात ठेवली त्यानं."

मागे रांग लागली होती. दोन मिनिटं झाली तरी सेक्रेटरी हलेनात. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना काठीनं हळूच बाजूला सारलं.

मग लेकीनं यांच्या हातात गोल्फची काठी दिली. "बाबा, पहिला चेंडू तुमचा."

यांनी आधी सगळ्यांना मागे सरकवलं. अजून मागे. सेक्रेटरी झुडपात गेले तरी अजून मागे. नळीतून पाहिलं, पैलवानानं बाजूला होऊन घंटा वाजवेपर्यंत थांबले, आणि काठी फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा गवताचा मोठा तुकडा उडाला. लेकीनं कळवळून तो उचलला आणि परत दाबून बसवला. तिसऱ्यांदा मात्र चेंडू उडाला, उंचवट्यावरून पार पलीकडे, आणि फिटर काठी वर करून नाचला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. हे त्याला 'जपून' म्हणायचंही विसरले.

महिन्याचा प्रयोग संपला तेव्हा सेक्रेटरींनी स्वतःच बाकी कलमांवर सह्या केल्या. बाक हलला, पोळं गेलं, तळ्याला दोरी आली. हे आता आठवड्यातून तीन दिवस क्लबात जातात. लेकीच्या हाताखाली, असं स्वतःच सगळ्यांना सांगतात. मलाही डॉक्टरीणबाईंनी खेळायला बोलावलंय, दाढ दाखवून आल्यावर.

रविवारी लेक नाश्त्याला आली होती. पावसात आरशावर थेंब बसतात, त्याचं काय करायचं यावरून दोघांची जुंपली. हे म्हणत होते छप्पर, ती म्हणत होती वायपर. पोहे गार झाले. मी दोघांपुढे चहा ठेवला, माझा कप उचलला आणि बाल्कनीत जाऊन बसले. आतून आवाज चढत होते. "बाबा, तुम्ही आधी माझं ऐकून घ्या," ती म्हणाली, आणि यांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.