कोठडीतल्या सासूबाई

जुनी पोलीस चौकी आणि तिला खेटून असलेली दोन घरं, मधल्या भिंती फोडून एक केली आणि त्यात शहराचं संग्रहालय थाटलं. तिथली प्रमुख बाई दिवसभर तिथेच रमलेली असे. तिच्या सासूबाईंना मात्र हे कधी पटलं नाही. "धूळच झटकायची तर घरात काय कमी आहे?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

एका रविवारी घरात रंगकाम निघालं. वासानं डोकं उठलं, म्हणून सासूबाई नाइलाजानं संग्रहालयात आल्या. सून त्यांना हौसेनं सगळं दाखवत होती, त्या नाक मुरडत होत्या. चौकीच्या कोठडीत दोघी शिरल्या.

"हे दार तरी लागतं का?" म्हणत सासूबाईंनी गजांचं दार ओढलं. खट्! खटक्याचं कुलूप बसलं आणि त्याची किल्ली तर संग्रहालयाला कधी मिळालीच नव्हती.

सुनेनं हाका मारल्या. तिकीटवाला धावत आला आणि तसाच कुलूपवाल्याला आणायला पळाला.

"काहीतरी बोल गं, माझा जीव घाबरा होतोय," सासूबाई म्हणाल्या. "इथे कोण असायचं?"

"परवान्याशिवाय भाजी विकणाऱ्या बायका. त्यातली एक म्हणे रात्रभर भांडली. सकाळी शिपायानंच हात जोडून तिला सोडलं."

सासूबाई खुदकन हसल्या. "शाबास! काय म्हणाली असेल?"

तेवढ्यात एक आजोबा बायकोसह गजांपाशी आले. "अगं बघ, जिवंत माणसं ठेवलीत! काय हो, गुन्हा काय केलात?"

सून लाजेनं चूर झाली. सासूबाईंनी चष्मा सावरला.

"वांगी विकली! शिपाई म्हणतो माफी माग. माफी मागतंय माझं खेटर! आधी माझी पाटी परत द्या, त्यातली दोन वांगी यानंच लांबवलीत!"

बघता बघता गर्दी जमली. सून मागून एकेक गोष्ट पुरवत होती, सासूबाई तिला तिखटमीठ लावत होत्या. आजोबा तर हसून हसून भिंतीला टेकले.

कुलूपवाल्यानं दार उघडलं, तर त्याच्यावरच ओरडा. "थांब रे जरा! माझं भांडण व्हायचंय अजून."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "त्या भाजीवालीचं नाव काय होतं?"

"कुठेच सापडत नाही हो."

"सापडत नाही म्हणजे? शोध की! दिवस दिवस इथे बसून करतेस काय?"

बोलणी खाऊनही सुनेला हसू आवरेना.