अंगालगतचं अत्तर

आमच्या घरात कुणाला वास म्हणून येत नाय. जन्म निशिगंधाच्या वाफ्यात गेला. सकाळी तोडणी, मग माळा, मग टोपल्या भरून नाशिकचा फुलबाजार. पाहुणे दारातच म्हणतात, काय घमघमाट सुटलाय, आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघतो.

माझ्या दीपकचं नाक मात्र शाबूत. सिन्नरला एमआयडीसीत उदबत्तीचा सुगंध बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, आठवडाभर तिकडंच. कुंभमेळ्याच्या साली सून उज्वला बाळंतपण उरकून तान्हं घेऊन माहेराहून आली, तेव्हा त्यानं स्वतः बनवलेलं अत्तर तिला दिलं. म्हणाला, "दुरून कुणाला कळायचं नाय. गळ्याशी नाक नेलं तरच. रोज लाव, कातडीत मुरू दे."

मी तोंड वाकडं केलं. फुलांच्या घरात अत्तर, काय मेलं कौतुक. पण नवा बाप झालेला गडी, खुशीत होता, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून पोरानं अंगावरचं दूध तोडलं. उज्वलानं जवळ घेतलं की मान फिरवायचं, ताठ व्हायचं, रडून रडून लालबुंद व्हायचं. वाटी-चमच्यानं घातलं तर निम्मं ओकायचं. टाळू खोल गेली. मी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मिरच्या जाळल्या. ठसका आला नाय, म्हणजे दृष्ट जबर.

दृष्ट काढूनही फरक पडेना, तसा माझा राग सुनेवर निघाला. "माहेरी काय खाऊन आलीस गं? दूध नासलंय तुझं." तिचा पदर भिजत होता, दूध वाहून जात होतं, आणि पोर उपाशी.

शेवटी नाशकात, द्वारका चौकाच्या अलीकडं एका दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आजार काही दिसत नाही. पण अंगावर प्यायलं नाही तर अवघड आहे." अवघड म्हणजे काय, ते विचारायची माझी छाती झाली नाय.

मी तिथून हललेच नाय. मळा नाय, फुलं नाय, दिवसचे दिवस नुसतं फिनेल. एका सकाळी उज्वलानं पुन्हा पोराला छातीशी धरलं. त्याच्यात आता रडायचंही त्राण नव्हतं. त्याचं डोकं सावरायला मी वाकले, आणि नाकात काहीतरी शिरलं. मऊ, गोडसर, उन्हात वाळवलेल्या गोधडीसारखं. हा वास हाय, हेच मला आधी कळेना.

"उज्वला, हे काय लावलंयस?"

"यांचं अत्तर. आल्यापासून रोज लावते. त्यांनी सांगितलंय ना."

मला दीपकचं बोलणं आठवलं. गळ्याशी नाक नेलं तरच कळतं. आणि तिच्या गळ्याशी सारखं नाक कुणाचं? त्या लेकराला आपली आईच सापडत नव्हती.

तिला दवाखान्याच्या मोरीत ओढलं. गरम पाणी नि खरखरीत टॉवेल. गळा, छाती लाल होईतो घासलं, तरी माझं मेलं नाक सांगत होतं, हाय, अजून हाय. ती रडत म्हणत होती, "घासा आत्या, जोरात घासा." तिचे कपडे पिशवीत कोंबले, माझं धुवट लुगडं तिला गुंडाळलं.

पोराला टेकवलं. त्यानं नाक घासलं, थांबलं, मान वळवली. हाही उपाय फसला तर पुढं काय, एवढंच डोक्यात. मग ते हळूच परत आत आलं आणि ओठ लागले. धड ओढत नव्हतं, पण सोडतही नव्हतं.

तेवढ्यात दीपक सिन्नरहून आला. पोराला पिताना बघून त्याचे डोळे भरले, तसाच खाटेकडं निघाला.

उज्वलानं पोराभोवती हात घट्ट केले.

"तिथंच थांबा," ती म्हणाली. "तुमच्याही अंगात मुरला असेल तो वास."

तो दारात उभा राहिला. मीही त्याला आत ये म्हटलं नाय.