गिऱ्हाईक गेल्यावर

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंचा खांदा उडायचा, नाक मुरडलं जायचं आणि मधूनच घशातून 'हुप्' असा आवाज निघायचा. लहानपणापासूनचं दुखणं. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं. बाई नुसतं 'आमचं बिऱ्हाड' म्हणायच्या. गिऱ्हाईकासमोर मात्र बिऱ्हाड चिडीचूप! कुणाच्या नाकावर फ्रेम बसवताना खांदा उडून कसं चालेल? अर्धा तास दाबून धरायचं, आणि गिऱ्हाईक बाहेर पडलं रे पडलं की मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या काचवाल्यांसमोर सगळं मोकळं सोडायचं. सहा वर्षं असंच चाललं होतं.

बाईंची दुसरी पंचाईत म्हणजे चेहरे. फ्रेमचं माप मिलिमीटरपर्यंत अचूक, पण समोरचा माणूस चिडलाय की रडवेला झालाय, हे कळेल तर शपथ! स्वतःच्या मनाचीही तीच गत. आत काहीतरी ढवळायचं. ती भीती की आनंद, देव जाणे.

सोमवारी दुपारी काचवाले काउंटरपाशी आले. "बाई, मी महिनाअखेर काम सोडतोय. पलीकडच्या दुकानात बोलावलंय."

भुवया खाली, ओठ घट्ट आवळलेले. रागावलेत, बाईंनी ठरवून टाकलं. ते आत वळताच त्यांनी बहिणीला फोन लावला.

"ताई, काचवाले रागावून चाललेत गं."

"रागावलेत कशावरून?"

"चेहऱ्यावरून."

"तू आणि चेहरे! कप्पाळ माझं! तोंड दिलंय ना देवाने? जा, विचार त्यांना."

बाई तडक मागच्या खोलीत गेल्या. खांदा नुसता थैमान घालत होता.

"माझ्यावर रागावलात का?"

"मी?" काचवाल्यांनी मशीन बंद केलं. "अहो, त्रास तुम्हालाच होतो माझा. ताण आला की हे वाढतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. गिऱ्हाईकापुढे तुम्ही एकदम शांत, आणि माझं तोंड दिसलं की सुरू! सहा वर्षं बघतोय मी. म्हटलं, कशाला उगीच छळायचं तुम्हाला?"

"अहो, शहाणेच आहात की!" बाई ओरडल्याच. "गिऱ्हाईकापुढे मी जिवाच्या आकांताने आवरून धरते. जगात तीनच माणसांपुढे आवरत नाही. आई, ताई आणि तुम्ही. हुप्!"

काचवाल्यांनी हातातली काच खाली ठेवली. पुन्हा भुवया खाली, ओठ आवळलेले.

"आता हा कसला चेहरा? सरळ सांगा ना मला."

"रडू येतंय हो."

"मग मघाशी काउंटरवर?"

"मघाशीही तेच." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "आणि तुम्हाला काय वाटतंय?"

बाईंनी खरंच विचार केला. आत सगळं ढवळून निघालं होतं, पण नाव काही सापडेना.

"ते कळायला मला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "तोवर जाऊ नका."

काचवाल्यांनी तिथेच उभं राहून पलीकडच्या दुकानदाराला फोन लावला.