बायकांच्या बाजूचा बाक

"सरक ना वं बाई! आखं बाकडं काय तुह्या बापानं बनवून ठेवलं?"

मित्रांनो, टॉकीजमध्ये आल्यावर माझ्या कानावर पडलेले हे पहिले वाक्य. दिवे मालवले तरी ते भांडण मिटले नव्हते. मी एक जुना बाक आहे, नेरच्या टॉकीजमधला, बायकांच्या बाजूचा. सागाचा आहे म्हणून टिकलो. एकीच्या जागेत तिघी बसत आणि प्रत्येकीच्या मांडीवर एक पोर असे.

आमच्याकडे पुरुष आणि बायका यांच्यामध्ये एक काळा पडदा होता. अंधार झाला की तो बाजूला सारायचा आणि मध्यंतराचे दिवे लागायच्या आत पुन्हा ओढायचा. हे काम कांताबाईचे. तिला कधी उशीर झाला, तर सासरा आणि सून एकमेकांना लख्ख दिसत. दोघेही घरी देवळात जातो म्हणून सांगून आलेले!

वेचणीच्या दिवसांत बायका थेट शेतातून येत. लुगड्याला चिकटलेला कापूस माझ्या फटींत जाऊन बसे. सिनेमातल्या आईसाठी त्या पोटभर रडत आणि हलक्या होऊन घरी जात.

पुढे कापसाचे दिवस फिरले. कधी भाव पडला, कधी बोंडे अळीने खाल्ली. आधी दुपारचा खेळ बंद झाला, मग संध्याकाळचा. शेवटी मालक नीळकंठभाऊंनी दाराला कुलूप लावले. "जरा डागडुजी करतो. कापसाले भाव आला की चालू करू," असे ते सांगत. ऐकणाऱ्यालाही ते बरे वाटे. पुन्हा कोणी विचारत नसे.

कांताबाई मात्र दर शुक्रवारी येत राहिली, कारण नवा सिनेमा शुक्रवारीच लागायचा. ती झाडून काढी, मला ओल्या फडक्याने पुशी, पडद्याच्या कड्यांना तेल लावी. दिवाळीआधी तर पडदा धुऊन वाळत घाली. नीळकंठभाऊ तिला चहा पाजत. तिचे मन कशाला दुखवा, म्हणून गप्प बसत. खरे सांगतो, मलाही बरे वाटे. मला पुसणारे दुसरे होते कोण?

एका शुक्रवारी नलूबाई आली. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते.

"कांते, शाळेत अजून एक बाई पाहिजे. म्या तुह्यं नाव सांगतलं. गुरुजी आजच विचारून राह्यले."

"मले कसं जमंन वं? उद्या टॉकीज चालू झाली त पडदा कोन ओढंन?"

"अन् नाही झाली त?"

"भाऊच म्हणतेत ना, होते म्हणून."

"मांगच्या खेपेलेही तू असंच म्हणलं. आता नाही म्हणशीन त दुसरीले घेतीन ते. अन् किती दिवस लेकीच्या दारात बसून खाशीन?"

माझ्यावरचे फडके थांबले आणि कांताबाई माझ्यावरच टेकली. दारात नीळकंठभाऊ चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

"घ्या नलूबाई, चहा घ्या."

"चहा राहू द्या. तिले काय ते सांगा."

"पत्रे बदलाचे हायेत अजून," ते वर बघत म्हणाले. "दिवाळी होऊ द्या, मंग पाहू..."

"कोणती दिवाळी, भाऊ?" नलूबाईने विचारले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, अधूनमधून त्यांची धूळ पुसा. आम्हाला वाट बघायला लावले तरी चालेल, लाकडाला पोट नसते. माणसाला मात्र असे ताटकळत ठेवू नका. मायेपोटीसुद्धा ठेवू नका.

नीळकंठभाऊंनी कप खाली ठेवले आणि ते येऊन कांताबाईशेजारी माझ्यावर बसले. बायकांच्या बाजूला ते आजवर कधी बसले नव्हते.

"कांताबाई," ते म्हणाले, "तुम्ही शाळेत जा. आपली टॉकीज आता चालू नाही होत."