हराळीचं लॉन

"जमीलभाऊ, बघा की! एक काडी ठिवली न्हाई!"

वनमाला खुरपं हातात धरून हसत उभी होती. मी गेटमधूनच पाहिलं. अर्जुनरावांच्या बंगल्यापुढचं अख्खं लॉन, दोन महिने पाणी पाजून मी वाढवलेलं, तिनं मुळासकट उपटून फरशीवर उन्हात वाळत घातलं होतं. खाली नुसती काळी माती.

"अगं बाई, हे काय केलंस?"

"तुमीच म्हनलात न्हवं, गवत काढ. लई हराळी माजली होती. मुळ्यांच्या काशा पार हातभर खोल गेलत्या. म्या एकेक वेचली."

तौबा! लॉन हराळीचंच होतं. गेवराईच्या उन्हात दुसरं काय तगतं? पण हे मी तिला सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवस मोठा उस्ताद होऊन शिकवत होतो. क्रोटनला ऊन किती, मेंदीचं कुंपण कसं कातरायचं, कुंडीत शेणखत किती. लॉनचा मात्र मोबाइलवर फोटो दाखवला, चटईसारखं गुंडाळून आणतात तसल्याचा. ती बिचारी समजली, चटई उद्या येणार, आज जमीन साफ करून ठेवायची. रानात हराळी राहिली म्हणून जिनं जन्मभर शिव्या खाल्ल्या, तिला हराळी मुद्दाम लावतात हे स्वप्नात तरी सुचेल का? आणि मी शहाणा, 'लॉनमधलं तण काढ' म्हणायच्या ऐवजी 'गवत काढून घे' एवढंच बोलून उमापूरला माझ्या नर्सरीची रोपं पोचवायला गेलो.

ही माळ्याची नोकरी पक्की झाली असती, तर बंगल्यामागची खोली तिला मिळणार होती. तीन वर्षांपूर्वी तिची गर्भाची पिशवी काढली, तेव्हापासून कंबर गेलेली. बसून खुरपायचं जमायचं, पण ऊस तोडायला वाकणं काही होईना. नवरा हनुमान म्हणायचा, ऊसतोडीच्या कोयत्याला दोघांची जोडी लागते. तू नाहीस तर वैष्णवी येईल. वैष्णवी त्यांची पोरगी, दहावीत. खोली मिळाली की मायलेकी इथंच राहणार, पोरीची शाळा वाचणार. पहिल्याच दिवशी वनमाला म्हणाली होती, "भाऊ, मला एवढं शिकवा. म्या लई ध्यान दीन."

तेवढ्यात अर्जुनराव आले. रविवारी त्यांची वास्तुशांत. मातीकडं बघून ते ओरडलेच.

"जमील, हे काय बे? हिला कुनी सांगितलं हे?"

मीच, असं म्हणायचं होतं. पण त्यांच्या पेट्रोल पंपाच्या बागेचं काम मला हवं होतं.

"मी तण काढ म्हनलतो, साहेब," मी म्हणालो. "बाईला कळलं न्हाई."

लाज वाटते, पण असंच म्हणालो.

वनमालानं माझ्याकडं बघितलं. मग पदर सावरून म्हणाली, "व्हय साहेब. मलाच कळलं न्हाई."

"उद्यापासून येऊ नको."

"साहेब, असं नका करू! हराळी हाय, मरत न्हाई. म्या आत्ता लावते, आठ दिसांत फुटंल!" ती फरशीवरच्या काशा पदरात भरू लागली. गुडघ्यावर बसून बोटानं माती उकरायची, एकेक कांडी खोचायची. उन्हानं त्या वाळून करकरीत झाल्या होत्या, हातातच मोडत होत्या. अर्जुनराव आत निघून गेले तरी ती थांबेना. शेवटी मीच तिचा हात धरला.

पंपाचं काम मला मिळालं.

दसऱ्यानंतर तिच्या वस्तीवर गेलो. म्हटलं, नर्सरीत ये कामाला.

"ऱ्हायला जागा हाय का, भाऊ?"

नव्हती. आमचंच घर दोन खोल्यांचं.

"मग पोरीला कुठं ठिवू?"

ऊसतोडीला निघालेला ट्रक उभा होता. हनुमान भांडी, पेट्या वर चढवत होता. वनमालानं उसाच्या जागी ज्वारीचं वाळलेलं एक ताट उभं धरलं आणि वैष्णवीच्या हातात कोयता दिला.

"असं बुडख्याशी धर. कमरंतून वाकू नगं, गुडघ्यातून वाक, न्हाईतर माज्यावानी होईल. पाय मागं. पाय आदी मागं घ्यायचा, मग घाव. कळलं का? न कळलं तर इचार, लाजू नगं."

तिनं तीनदा करून दाखवलं. मी पंधरा दिवसांत तिला एकदाही इतकं नीट शिकवलं नव्हतं.

"कळलं, आई," वैष्णवी म्हणाली आणि तिनं पाय मागं घेतला.